ओले डूल

१

चारुताच्या सासरी दागिना म्हणजे सोन्याचाच, आणि सोन्याचा म्हणजे डायवर, पोलादी ठशावर, छापलेला. चिंचणीत असल्या घरांना तोटा नाही. पुढे चिकूची वाडी, मागे पडवी, आणि पडवीत पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी कोरत बसलेला एक माणूस, मान खाली आणि डोळ्याला भिंग. तिचे सासरे दिनानाथ जन्मभर तेच करत बसले. पोलादात एक पान उलटं कोरायचं, मग सोनाराने त्यावर पत्रा ठोकून तेच पान हवं तितक्या वेळा उठवायचं. ते गेले, पडवी रिकामी झाली आणि तिथे सून मातीचे डूल वळायला बसली. सासूबाईंनी, दमयंतीबाईंनी, पहिल्याच दिवशी नाक मुरडलं. आमच्या घरात आता चिखलाचे दागिने होतात, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या.

चिखल नव्हे हो, पॉलिमर क्ले. प्लॅस्टिकची रंगीत माती म्हणा. मळायची, लाटायची, कापायची, ओव्हनमध्ये भाजली की कडक होते. आणि चारुताने हे काही हौसेने आरंभलं नव्हतं. आरंभलं ते तेजलच्या कानांपायी.

तेजल तिची एकुलती एक, तिसरीत जाणारी. कान टोचले त्या दिवसापासून पोरीचे कान जे चिघळले ते चिघळलेच. सोनं घातलं, चिघळले. चांदी घातली, चिघळले. कडुनिंबाची काडी तेवढी मानवली, पण काडी घालून शाळेत जायला ती तयार होईना. रोज सकाळी उशीवर पिवळा डाग. मग चारुताने कोमट पाण्याने खपली भिजवायची, पू पुसायचा, मलम लावायचं. त्या पुवाचा गोडसर वास बोटांना चिकटून राहायचा आणि त्याच बोटांनी पुढे पोळ्या लाटायच्या. बोईसरचे डॉक्टर म्हणाले, भोकं बुजू द्या. ते ऐकून तेजलने घर डोक्यावर घेतलं. वर्गातल्या सगळ्या पोरींच्या कानात काही ना काही डुलतं, माझेच कान बोडके का? आईला दुसरं काय हवं होतं? पोरीचे कान बरे व्हावेत आणि त्यात काहीतरी डुलावं, बस. म्हणून ही क्ले, म्हणून तिला धातूऐवजी प्लॅस्टिकच्या दांड्या. त्याने चिघळणं कमी झालं. थांबलं मात्र नाही.

२

अशात नवऱ्याच्या, प्रणवच्या, चुलत बहिणीचं लग्न ठरलं. ही दीपा सफाळ्याची. हळदीला सगळ्या करवल्यांच्या कानात एकसारखे पानाचे डूल हवेत आणि माझ्या गळ्यात त्याच पानांचा हार, असं तिने वहिनीला फोन करून सांगितलं. चारुता आधी हरखली, मग घाबरली.

कारण एक गोष्ट तिला आता पुरती कळली होती. एक पान म्हणजे नुसतं पान. तेच पान शेजारी पुन्हा आलं, आणि पुन्हा आलं, की डोळा त्याच्यामागे धावायला लागतो आणि दागिना तयार होतो. पण पुन्हा आलं पाहिजे ते तेच. ओळीतलं एखादं जरी जाडं झालं तरी सगळी ओळ लंगडते. आणि तिच्या हाताचं एक पान दुसऱ्यासारखं होईल तर शपथ.

शेवटी तिने सासऱ्यांची डायांची पेटी मागितली. दमयंतीबाईंनी कुरकुरत दिली, पण मनातून त्या खूश होत्या. आलीस ना शेवटी आमच्याच पेटीशी, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. प्रत्येक डाय फडक्यात बांधलेली आणि तिच्यासोबत तिचाच लाखेवर उठवलेला लाल नमुना. दिनानाथांची ती शिस्तच होती. डाय झाली की नमुना घ्यायचा आणि दोन्ही एकत्र बांधून ठेवायचं.

अगदी तळाला एक डाय निघाली, तेलकट चिंधीत. नमुना नव्हता. दमयंतीबाईंनी ती डोळ्यांजवळ धरली आणि परत ठेवली.

"नमुना नाय म्हणजे यांच्या हातची नाय. दुसऱ्या कोणाची असंल. ठेव खाली."

चारुताने ठेवली नाही. बाकीच्या डायांवर मोर आणि कोयऱ्या, सगळं म्हातारं वळण. हिच्यावर एक लहानसं पान होतं. मधोमध शीर, दोन्ही बाजूंना जरा नागमोडी उंचवटे, एकही सरळ नाही आणि तरी सगळे जागच्या जागी. ते कोणी कोरलंय असं वाटतच नव्हतं, आपोआप उगवलंय असं वाटत होतं.

आता माती डायला चिकटू नये यासाठी काहीतरी लावावं लागतं. पावडर लावली तर बारीक रेघा बुजतात, तेल लावलं तर ठसा बुळबुळीत उठतो. या घरची रीत थुंकीची. दिनानाथ बोटाला थुंकी लावून डायवर फिरवायचे आणि मग लाख दाबायचे. नवी नवरी म्हणून आली तेव्हा चारुताला ते बघून शिसारी आली होती. आता ती स्वतःच ते करायला लागली, आणि काय सांगावं, ठसा असा स्वच्छ सुटला की तिचा हात थांबेना. पिवळं पान, हिरवं पान, पुन्हा पिवळं. थोड्या वेळाने बोट तोंडात, बोट डायवर, हेही तिला लांबण वाटायला लागलं. तिने डाय उचलली आणि सरळ जीभच लावली.

आधी चव लोखंडाची होती. मग लोखंड गेलं आणि काहीतरी गोडसर, कोमट लागायला लागलं. दुपारपर्यंत डायला चवच उरली नाही म्हणा, किंवा उरली ती तोंडाची. पण तिच्या स्वतःच्या तोंडाची नव्हे.

३

पानं भाजून निघाली आणि चारुता ट्रेसमोर नुसती बघत उभी राहिली. ओळीने सगळी एकसारखी. डोळा पहिल्या पानावर ठेवला की शेवटच्या पानापर्यंत घसरत जायचा, कुठे अडायचा म्हणून नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ट्रे ओला.

पाणी असतं तर पुसून मोकळी झाली असती. ते पाणी नव्हतं. तिने एक पान उचललं तर त्याच्यामागे बारीक तार आली, लांबत गेली आणि तुटली. शी! तिने हात साडीला पुसला, मग साडीही बदलली. मनाची समजूत घालायला माणसाला काय लागतं? समुद्र जवळ, हवा दमट. शिवाय क्लेमध्ये तेल असतं, कधी कधी ते सुटतं, हे तिने वाचलंही होतं. तिने सगळी पानं साबणाने धुतली आणि उन्हात वाळत टाकली. उन्हात ती कोरडी ठणठणीत झाली. सावलीत आणून ठेवली आणि चहा पिऊन परत आली तर पुन्हा ओली.

आणि वास. चिंचणीत कुठलाही वास आला की लोक कुंभवलीकडे बोट दाखवतात, कारखान्यांनी सोडलं असेल काहीतरी, म्हणतात. चारुताही तेच म्हणाली. पण त्या दिवशी वारा समुद्राकडून येत होता, आणि कारखान्याचा वास नाकाला झोंबतो, हा झोंबत नव्हता. सकाळी तोंड न धुतलेल्या माणसाने अगदी जवळ येऊन बोलावं, तसा हा वास होता. ऊबसुद्धा तशीच.

तेव्हाच फेकायला हवं होतं, असं आता म्हणणं सोपं आहे. ओळ फार सुंदर जमली होती हो. तिने पानं पुन्हा पुसली, दांड्या बसवल्या, हाराची पानं ओवली, पातळ कागदात गुंडाळून डब्यात भरली आणि प्रणवच्या हाती सफाळ्याला पाठवून दिली.

४

एक जोडी तेजलने आधीच उचलली होती. आईला न विचारता कानात घातली आणि तशीच झोपली.

सकाळी चारुता कोमट पाणी, कापूस, मलम घेऊन बसली आणि पोरीचे केस बाजूला केले. खपली नव्हती, पू नव्हता. उशी पांढरीस्वच्छ. चारुताच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिने सासूला हाक मारली, सासूने देवापुढे साखर ठेवली आणि नातीच्या तोंडात घातली. दमयंतीबाईंनी चिखलाच्या दागिन्याला पहिल्यांदा हात लावून नमस्कार केला. तेजलने मात्र साखर तोंडात जरा घोळवली आणि दाराबाहेर जाऊन थुंकून आली. त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

डॉक्टरही खूश झाले. जे घातलंय तेच ठेवा म्हणाले.

चारुता मात्र घरी येऊन पुन्हा त्या कानांकडे बघत बसली. बरे झाले होते, पण बरे कसे? पाळीची कातडी पांढरी पडली होती, सुरकुतली होती, ढीगभर भांडी घासल्यावर बोटं होतात तशी. त्यांच्या वाडीत एक कुत्रं होतं. त्याच्या पायाला जखम झाली तेव्हा ते दिवसभर ती चाटत बसायचं, आणि चाटून चाटून जखम अशीच पांढरी, स्वच्छ झाली होती. चारुताला नेमकं तेच आठवलं. मग स्वतःवरच ती चिडली. पोरीला आराम पडलाय तर घाण काय सुचतं हिला!

५

तेजलचा डबा शाळेतून भरलेला परत यायला लागला.

आधी वाटलं, उन्हाळा आहे. मग वाटलं, मैत्रिणींशी भांडली असेल. सुकटीवर जीव टाकणारी पोर, पण समोर सुकटीची चटणी ठेवली तरी ताटावरून उठून गेली. भात नको, दूध नको. आईने दटावून घास तोंडात कोंबला तर तो गालात तसाच राहायचा आणि नंतर न्हाणीघरात सापडायचा, न चावलेला. आईच्या घशाखाली तरी मग काय उतरणार? घरात एकच विषय, तेजल जेवली का. प्रणव कारखान्यातून पाळी संपवून आला की दारातूनच तो प्रश्न विचारायचा.

विचित्र म्हणजे पोर सुकत नव्हती. खेळत होती, अभ्यास करत होती. आणि कानाच्या पाळ्या! त्या भरून आल्या होत्या, लालबुंद, टचटचीत. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

त्याच दिवसांतली एक सकाळ. दमयंतीबाईंची कवळी धुणं हे चारुताचं काम, सासूला मोरीत वाकता येत नसे म्हणून. वाटीतलं गढूळ पाणी ओतायचं, कवळीवरचा बुळबुळीत थर ब्रशने काढायचा. रोजची किळस, रोजच गिळलेली. त्या दिवशी वरची कवळी नळाखाली उलटी झाली आणि आतली बाजू वर आली, तोंडात टाळूला टेकते ती.

मधोमध एक शीर. दोन्ही बाजूंना नागमोडी रेघा, एकही सरळ नाही.

चारुताची जीभ तिच्या नकळत वर गेली आणि पुढच्या दातांच्या मागे टेकली. तिथेही ते होतंच, मधली शीर आणि बाजूचे उंचवटे. सगळ्यांच्याच तोंडात असतं, कोण बघायला जातं? ते पान नव्हतंच. कोणाच्या तरी तोंडातलं छत होतं ते, लहानसं, पोराच्या तोंडात मावेल एवढं. आणि आपण त्याला जीभ लावली. एकदा नव्हे, प्रत्येक पानाला. ती मोरीतच भडाभडा ओकली.

मग दिवसभर तिने स्वतःशी वाद घातला. पानाच्या शिरा आणि टाळूच्या रेघा, सारख्या दिसल्या तर काय बिघडलं? केळफूल आणि बैलाची जीभ सारखी दिसतात म्हणून कोणी केळफुलाची भाजी सोडतं का? वाद ती जिंकली. पण संध्याकाळी तेजल ओटीवर पाढे म्हणत बसली होती आणि दोन्ही कानांखाली दोन टाळू लोंबत होत्या, ओल्या, चमकत. चारुताला आत जाऊन दार लावून घ्यावं लागलं.

६

तिने सफाळ्याला फोन केला, सामान परत पाठव म्हणून सांगायला. ती काही बोलण्याआधी दीपाच म्हणाली,

"वहिनी, राग मानू नका, पण डबा उघडला की वास येतो. आणि आतला कागद बघा तुम्ही. कोणी चघळल्यासारखा झालाय."

प्रणवने दुसऱ्या दिवशी डबा परत आणला. एवढी मेहनत, एवढी तोंडाची वाफ दवडून घेतलेलं काम, आता लग्नघरी काय सांगायचं, म्हणून तो बायकोवर तणतणला आणि पाळीला निघून गेला. चारुताने डबा पडवीत नेला. सासऱ्यांच्या ऐरणीवर पहिलं पान ठेवलं आणि हातोडी घातली.

भाजलेली क्ले तुटते, कटकन. हे पान तुटलं नाही, चेपलं. वरचा पिवळा रंग फाटला आणि आत पिवळं नव्हतं, हिरवंही नव्हतं. फिकट गुलाबी होतं, ओलं, आणि हातोडीखालून बाजूला सरकलं. चारुताने दुसरं पान ठेवलं. तेही तसंच. सगळी तशीच, एकसारखी, एकातही फरक नाही. जे जमावं म्हणून तिने जिवाचं रान केलं होतं ते इतकं जमलं होतं. तिने सगळा लगदा खोऱ्याने गोळा केला आणि वाडीच्या टोकाला खोल पुरला. ओहोटी होती, भर दुपारी ती किनाऱ्यावर गेली, ओल्या वाळूतून जाववेल तितकी आत गेली आणि डाय समुद्रात भिरकावली. घरी येऊन मिठाने चुळा भरल्या. मीठ खारट लागलं नाही. कसलंच लागलं नाही.

आता राहिली एकच जोडी.

७

तेजल ओटीवर बसली होती. दुपारची वेळ, दमयंतीबाई दारात सुपारी कातरत होत्या. चारुता पोरीसमोर बसली आणि म्हणाली, डूल काढ. तेजलने मान हलवली. गोडीने सांगून झालं, धमकावून झालं. मग चारुताने एका हाताने तिचं डोकं धरलं आणि दुसऱ्या हाताने पान ओढलं.

पोर किंचाळली, पण हात कानाकडे गेला नाही. दोन्ही हात तिने तोंडावर दाबले.

"मम्मी, नको! टाळू दुखते!"

चारुताने हात सोडला. मग धीर करून पाळी उलटी करून बघितली. प्लॅस्टिकची दांडी नव्हती. भोक नव्हतं. पाळी जिथे संपत होती तिथून पान सुरू होत होतं, मध्ये सांधा म्हणून नाही. पिवळा रंग वरच्यावर राहिला होता, जुन्या भिंतीवरच्या चुन्यासारखा, आणि नखाला लागून सुटत होता. पान कोमट होतं.

तिने प्रणवला फोन लावला. संध्याकाळी आलो की बोईसरला मोठ्या दवाखान्यात नेऊ, तोवर पोरीला काहीतरी खाऊ घाल, तो म्हणाला. खाऊ घाल! किती दिवस झाले होते पोरीने घास गिळून. चारुताने स्वयंपाकघरात जाऊन वरणभात कालवला, वर तुपाची धार सोडली, आणि ताटली घेऊन येऊन बसली.

"एक घास. माझ्यासाठी."

तेजलचे डोळे भरले. भूक लागलेल्या पोराचे डोळे आईला ओळखता येतात, त्यात खोटं नसतं. तिला हवा होता तो घास. ती ताटलीकडे बघत होती, ओठ मात्र घट्ट मिटलेले. आईचा हात तोंडाजवळ आला तेव्हा ती ओशाळल्यासारखी जराशी हसली, मान वळवली आणि कान पुढे केला.

पान किंचित उचललं गेलं. वाऱ्याने नव्हे, वारा पडलेला होता. त्याच्या खाली ओलं काहीतरी होतं, आणि एक अरुंद फट. आत अंधार.

सुपारी कातरायचा आवाज थांबला. दमयंतीबाईंनी बघितलं होतं. मग पदराने तोंड पुसून हलक्या आवाजात म्हणाल्या,

"भरव तिला. उपाशी हाय पोर."

चारुताला उमासा आला. तो तिने गिळला. तोंड दुसरीकडे वळवावंसं वाटत होतं, पण नेम चुकला तर भात पोरीच्या अंगावर सांडेल म्हणून बघावंच लागलं. तिने घास मोडून लहान केला, अगदी लहान, उष्टावणाला करतात तेवढा, आणि हात पुढे नेला. बोटांच्या टोकांना ऊब लागली, मग ओल, मग काहीतरी मऊ, आणि घास हातातून घेतला गेला. तेजलने समाधानाने डोळे मिटले.

चारुताने बोटं साडीला पुसली आणि दुसरा घास कालवायला घेतला.